डिझेल उतरले म्हणून गाडी काढावी का?



पंपावरचा दर चार-दोन रुपयांनी खाली आला की गावात त्याची चर्चा लगेच सुरू होते. शोरूमची आणि फायनान्सची माणसेही मग गावात जरा जास्त दिसू लागतात. “आता डिझेल उतरलंय, मोठी गाडी परवडते,” हे वाक्य पारावर, सोसायटीच्या ओट्यावर आणि लग्नाच्या मांडवातही ऐकू येते. ज्याची मोटारसायकल आहे तो जीपचा विचार करतो, जीपवाला त्याहून मोठ्या गाडीचा विचार करतो. हौस असणे वाईट नाही. दवाखाना, बाजार, मुलांची शाळा यांसाठी दारात गाडी असावी असे वाटणेही चुकीचे नाही. प्रश्न एवढाच आहे, की इंधनाचा उतरलेला दर हे गाडी घेण्याचे कारण होऊ शकते का?

इंधनाचा दर चढतो आणि उतरतो, गाडी मात्र दारात दहा-बारा वर्षे राहते आणि हप्ता पाच-सात वर्षे चालतो. आजच्या दरावर दहा वर्षांचा निर्णय घेतला तर काय होते, हे अलीकडच्या काळात साऱ्या जगाने पाहिले आहे. तेव्हा आधी तो इतिहास पाहू आणि मग आपला हिशेब मांडू.

२०१४ साली काय घडले?

जून २०१४ मध्ये कच्च्या तेलाचा जागतिक बाजारातील दर पिंपाला ११५ डॉलरच्या घरात होता. अमेरिकेत खडकातून तेल काढण्याचे नवे तंत्र जोरात होते, त्यामुळे बाजारात माल वाढला. दर घसरू लागल्यावर तेल उत्पादक देशांची संघटना ‘ओपेक’ उत्पादन कमी करील अशी अपेक्षा होती. नोव्हेंबर २०१४ च्या बैठकीत ओपेकने ते नाकारले. मग दर कोसळतच गेला आणि जानेवारी २०१६ मध्ये ३० डॉलरच्याही खाली आला. म्हणजे दीड वर्षात चार आण्यांवर भाव आला. कांद्याच्या बाजारात आवक वाढल्यावर जे होते, तेच तेलाच्या बाजारात झाले.

अमेरिकेत इंधनावर कर कमी आहे. तेथील केंद्रीय कर गॅलनला, म्हणजे पावणेचार लिटरला, साडेअठरा सेंटच्या आतबाहेर आहे आणि १९९३ पासून तो वाढलेला नाही. त्यामुळे कच्चे तेल उतरले की तेथील पंपावर ते लगेच दिसते. जून २०१४ मध्ये गॅलनला सुमारे ३ डॉलर ७० सेंट असलेले पेट्रोल फेब्रुवारी २०१६ मध्ये पावणेदोन डॉलरपर्यंत आले.

यावर तेथील लोकांनी दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे गाड्या जास्त पळवल्या. २००८ च्या मंदीनंतर तेथील एकूण वाहनप्रवास थंडावला होता. २०१५ मध्ये तो ३ लाख कोटी मैलांच्या वर जाऊन नवा उच्चांक झाला. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. लोकांनी लहान मोटारी सोडून पिकअप आणि उंच, जड गाड्या घ्यायला सुरुवात केली. काही वर्षांपूर्वी लहान मोटारी आणि मोठ्या गाड्या साधारण निम्म्या-निम्म्या खपत होत्या. २०१८ पर्यंत विकल्या जाणाऱ्या दर तीन गाड्यांत दोन मोठ्या असे प्रमाण झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फोर्ड कंपनीने उत्तर अमेरिकेत नेहमीच्या बहुतेक लहान मोटारी विकणे बंद करणार असल्याचे जाहीर केले.

जून २०२२ मध्ये त्याच अमेरिकेत पेट्रोल गॅलनला ५ डॉलरच्या वर गेले. २०१६ साली पावणेदोन डॉलरच्या भरवशावर घेतलेल्या गाड्यांच्या टाक्या तेव्हा या दराने भराव्या लागल्या. हा धडा तेथे पहिल्यांदाच मिळाला असेही नाही. २००८ च्या उन्हाळ्यात दर ४ डॉलरच्या पुढे गेला तेव्हा मोठ्या गाड्यांना गिऱ्हाईक मिळेना, आणि जनरल मोटर्सने पिकअप व मोठ्या गाड्यांचे चार कारखाने बंद करण्याची घोषणा केली होती. तरीही दर उतरताच लोक पुन्हा त्याच वाटेने गेले.

आपल्या पंपावर किती उतरले?

आता आपल्याकडे वळू. राज्याराज्यांत कर वेगवेगळे असतात, म्हणून तुलनेसाठी दिल्लीचे दर घेतो. जून २०१४ मध्ये दिल्लीत पेट्रोल लिटरला साडेएकाहत्तर रुपये आणि डिझेल सव्वासत्तावन्न रुपये होते. फेब्रुवारी २०१६ च्या सुरुवातीला पेट्रोल ६० आणि डिझेल ४५ रुपयांच्या आसपास होते. म्हणजे कच्चे तेल जवळपास तीन चतुर्थांश उतरले, पण आपले पेट्रोल साधारण सहावा हिस्सा आणि डिझेल पाचव्या हिश्श्याहून थोडेसे जास्त एवढेच उतरले.

मधला फरक गेला कुठे? नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात केंद्राने उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढवले. पेट्रोलवर लिटरमागे ११ रुपये ७७ पैसे आणि डिझेलवर १३ रुपये ४७ पैसे एवढी ही वाढ होती. रुपयाही डॉलरपुढे घसरला होता. पूर्वी सरकार डिझेल खर्चापेक्षा कमी दराने विकत होते, ते ऑक्टोबर २०१४ पासून बंद झाले. त्यात महाराष्ट्रात ऑक्टोबर २०१५ पासून दुष्काळासाठी म्हणून पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे २ रुपये अधिभार बसला. सरकारला रस्ते आणि योजनांना पैसा लागतो, तो कुठून तरी यायचाच. पण शेतकऱ्याने यातून एक गोष्ट घ्यायची. जगात तेल किती पडले हे बातमीत ऐकून आपल्या टाकीचा अंदाज बांधू नये.

२०२० मध्ये हेच पुन्हा दिसले. टाळेबंदीमुळे जगभर गाड्या उभ्या राहिल्या आणि २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकेच्या वायदे बाजारात तेलाचा दर शून्याच्याही खाली गेला. आपल्याकडे मार्चमध्ये शुल्क ३ रुपयांनी वाढले होतेच, मे महिन्यात ते पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपयांनी आणखी वाढले. पंपावरचा दर उतरायच्या ऐवजी जूनपासून रोज चढू लागला. ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईत डिझेलने लिटरला शंभरी ओलांडली. त्यानंतर नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये शुल्क कमी केले, हेही सांगितले पाहिजे. डेपोपासून लांबच्या जिल्ह्यांत वाहतुकीचा खर्च दरात चढतो. परभणीकरांना हे वेगळे सांगायला नको.

डिझेल गाडीची लाट

मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपये आणि डिझेल ४१ रुपये झाले. फरक ३२ रुपयांचा. साहजिकच सगळ्यांना डिझेल गाडी हवी झाली. देशात विकल्या जाणाऱ्या मोटारींत निम्म्याहून जास्त डिझेलच्या होत्या, कंपन्यांनीही डिझेल इंजिनांचे कारखाने वाढवले. मग जानेवारी २०१३ पासून डिझेल दरमहा थोडे थोडे वाढत गेले, २०१४ मध्ये नियंत्रण उठले आणि जानेवारी २०१५ मध्ये पेट्रोल ५९, डिझेल ४८ असा फरक उरला. डिझेल मोटारींचा वाटा घसरून निम्म्याच्या खाली आला. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ चे नियम लागू झाले तेव्हा मारुतीने डिझेल मोटारी करणेच थांबवले. त्याच वर्षी २४ जून रोजी दिल्लीत डिझेल पेट्रोलपेक्षाही काही पैशांनी महाग झाले. दिल्लीने व्हॅट वाढवल्यामुळे तसे झाले आणि पुढे तो कमीही झाला, पण व्हायचे ते झाले.

हा फरक आपल्या खिशात कसा उतरतो ते पाहा. समजा डिझेल गाडी पेट्रोल गाडीपेक्षा १ लाख रुपयांनी महाग आहे. पेट्रोल गाडीचे अ‍ॅव्हरेज लिटरला १५ किलोमीटर, डिझेलचे २० धरू. मे २०१२ च्या दराने पेट्रोल गाडीला किलोमीटरमागे ४ रुपये ८७ पैसे लागत, डिझेलला २ रुपये ५ पैसे. म्हणजे जास्तीचे लाख रुपये सुमारे ३५ हजार किलोमीटरमध्ये फिटत. जानेवारी २०१५ च्या दराने तेच फिटायला ६५ हजार किलोमीटर लागत. दोन्ही इंधने ८० रुपयांवर आली तेव्हा ७५ हजार. वर्षाला १० हजार किलोमीटर फिरणाऱ्या माणसाचा साडेतीन वर्षांचा हिशेब साडेसात वर्षांवर गेला. गाडी तीच, माणूस तोच, रस्ताही तोच. बदलला फक्त दर, आणि तो बदलणे त्याच्या हातात नव्हते.

जो दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर भाजीपाला किंवा दूध वाहतो त्याला डिझेल तेव्हाही परवडले आणि नंतरही. जो आठवड्यातून दोनदा तालुक्याला जातो त्याने केवळ दराकडे पाहून डिझेल गाडी घेतली असेल तर त्याचा लाख रुपया गाडीत अडकला.

स्वस्त डिझेल आणि कोरडे रान

शहरात आणि गावात मात्र एक मोठा फरक दिसला. देशातील मोटारींचा वार्षिक खप २०१३-१४ मधील सुमारे २५ लाखांवरून २०१५-१६ मध्ये जवळपास २८ लाखांवर गेला. त्याच दोन वर्षांत ट्रॅक्टरचा खप सुमारे ६ लाख ३० हजारांवरून ५ लाखांच्या आत आला. डिझेल उतरत होते आणि ट्रॅक्टर घेणारे कमी होत होते.

कारण आपल्याला ठाऊक आहे. २०१४ आणि २०१५ अशी दोन वर्षे पावसाने दगा दिला. मराठवाड्यात टँकरशिवाय गाव सापडेना. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. विहिरीत पाणी नाही, रानात पीक नाही, मग ४५ रुपयांचे डिझेल कशात ओतायचे? नोकरदाराला इंधन स्वस्त झाले की हातात चार पैसे उरतात, कारण त्याचा पगार ठरलेला असतो. शेतकऱ्याचा पगार पाऊस आणि बाजार ठरवतात.

यात आणखी एक धागा आहे, तो सहसा लक्षात येत नाही. कच्चे तेल पडले की काही शेतमालाच्या भावालाही दणका बसतो. तेलापासून होणारा पॉलिस्टर धागा स्वस्त झाला की कापसावर दाब येतो. ब्राझीलमध्ये उसापासून साखर करायची की इथेनॉल, हे कारखाने दर पाहून ठरवतात. तेल स्वस्त झाले की त्यांचा ओढा साखरेकडे वाढतो आणि जगाच्या बाजारात साखर वाढते. २०१५ मध्ये साखरेचे भाव पडले, उसाची बिले थकली आणि केंद्राला जून २०१५ मध्ये कारखान्यांसाठी ६ हजार कोटींचे बिनव्याजी कर्ज जाहीर करावे लागले. त्या पडझडीला देशातले जादा उत्पादन हे मोठे कारण होतेच, पण तेलाची घसरणही मदतीला नव्हती. तेव्हा ज्या वर्षी डिझेल एकदम स्वस्त होते, त्या वर्षी आपल्या पिकाचा भाव काय म्हणतो ते आधी पाहावे. एका हाताने पंपावर वाचलेले पैसे दुसऱ्या हाताने बाजार समितीत जाऊ शकतात.

हप्त्यापुढे बचत केवढी?

आता वहीवर हिशेब मांडू. समजा आपण वर्षाला १० हजार किलोमीटर गाडी चालवतो आणि ती लिटरला २० किलोमीटर देते. वर्षाला ५०० लिटर इंधन लागेल. दर १० रुपयांनी उतरला तर वर्षाला ५ हजार, म्हणजे महिन्याला साधारण ४१५ रुपये वाचतील. आता गाडीसाठी ६ लाखांचे कर्ज ५ वर्षांसाठी १० टक्के व्याजाने काढले, तर महिन्याचा हप्ता पावणेतेरा हजारांच्या घरात जातो आणि पाच वर्षांत व्याजच सुमारे १ लाख ६५ हजार होते. ४१५ रुपये वाचतात म्हणून पावणेतेरा हजारांचा हप्ता परवडेल, असे कोणत्या वहीत बसते? शिवाय विमा, टायर आणि सर्व्हिसिंग यांचा खर्च वेगळा.

याच दरावर भाळून मोठी गाडी घेतली तर काय होते तेही पाहा. डिझेल ७० रुपये असताना २० अ‍ॅव्हरेजच्या गाडीला वर्षाला ३५ हजारांचे इंधन लागत होते. डिझेल ६० वर आले म्हणून १२ अ‍ॅव्हरेजची गाडी घेतली, तर तेवढ्याच फिरण्याला ५० हजार लागतील. दर उतरूनही खर्च १५ हजारांनी वाढला. पुढे दर ९० झाला तर लहान गाडीला ४५ हजार आणि मोठीला ७५ हजार. हा ३० हजारांचा फरक दरवर्षी द्यावा लागेल आणि त्या वेळी गाडी विकायला काढली तर गिऱ्हाईकही हाच हिशेब करून येईल.

फिरण्याची सवय

इंधन थोड्या दिवसांसाठी स्वस्त झाले तर माणूस लगेच फार जास्त फिरत नाही, असेच जगभरच्या अभ्यासकांना दिसले आहे. शाळा, बाजार, दवाखाना यांचे अंतर दराने बदलत नाही. सवय हळूहळू बदलते. तालुक्याला एका चकरेत होणारी खते, बँक आणि तहसील ही कामे तीन चकरांत होऊ लागतात. दोन घरचे लोक एका गाडीत जायचे ते दोन गाड्यांत जाऊ लागतात. एस.टी.ची वेळ पाहणे बंद होते. दर पुन्हा चढतो तेव्हा ही सवय मोडायला जड जाते.

वेगाचेही तसेच. साधारण ताशी ४५ ते ५५ किलोमीटरच्या वेगाने इंधन कमी लागते, हे पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था कित्येक वर्षे सांगत आली आहे. टायरमध्ये हवा बरोबर ठेवणे, एअर फिल्टर साफ ठेवणे, चहाला थांबल्यावर ट्रॅक्टर किंवा पिकअप बंद करणे ही कामे दर ५० असो की १०० असो, सारखीच फायद्याची आहेत.

सरपंच आणि ग्रामसेवकांसाठी

गावकारभाऱ्यांनीही यात लक्ष घालावे असे दोन मुद्दे आहेत. डिझेल वाढले की नांगरट, मळणी, टँकर आणि वडापचे दर दुसऱ्या दिवशी वाढतात. डिझेल उतरल्यावर मात्र ते तसेच राहतात. ट्रॅक्टरवाल्याचा ड्रायव्हर, ऑइल आणि सुटे भाग महागलेले असतात हे मान्य. पण हिशेब तरी समोर असावा. समजा एकरी नांगरटीला ६ लिटर डिझेल लागते, तर दर १० रुपयांनी उतरल्यावर एकरी ६० रुपये कमी करा म्हणायला जागा आहे. ग्रामसभेत ट्रॅक्टरमालक आणि शेतकरी यांनी बसून असा दर ठरवला तर वाद राहत नाही.

दुसरा मुद्दा भाड्याच्या वाहनांचा. टँकर, घंटागाडी किंवा इतर वाहन भाड्याने लावताना करारात त्या दिवसाचा डिझेलचा दर लिहावा आणि तो ठरावीक रकमेने वर-खाली झाला तर भाडे किती बदलेल हेही लिहावे. लिटरला ४ किलोमीटर देणारा टँकर रोज ८० किलोमीटर धावत असेल तर रोज २० लिटर डिझेल जळते. १० रुपयांच्या फरकाने रोजचे २०० आणि महिन्याचे ६ हजार होतात. उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत ही रक्कम लहान ग्रामपंचायतीला जाणवण्याएवढी आहे. नवे वाहन घ्यायचा ठराव मांडतानाही किमतीबरोबर वर्षाचा इंधनखर्च आणि दुरुस्ती यांचा आकडा सदस्यांपुढे ठेवावा.

गाडी घेण्यापूर्वी

गाडी घ्यायची ठरवलीच असेल तर घरात बसून एवढे करावे.

पहिले, तीन महिने वहीत किलोमीटर लिहावेत. मोटारसायकल, भाड्याची जीप आणि एस.टी. मिळून आपण खरेच किती फिरतो ते कळेल. अंदाज नेहमी जास्तीचा असतो.

दुसरे, इंधनाचा खर्च आजच्या दराने काढू नये. गेल्या पाच-सात वर्षांत आपल्या पंपावर जो सर्वांत जास्त दर होता, त्या दराने काढावा. तो झेपला तरच पुढे जावे.

तिसरे, हप्ता चांगल्या वर्षाच्या उत्पन्नावर बसवू नये. पाच वर्षांतले सर्वांत वाईट वर्ष घ्यावे. त्या वर्षी पीक कर्ज, घरखर्च आणि मुलांची फी भागवून हप्ता निघाला असता का, ते पाहावे. शेतीचा पैसा हंगामात येतो आणि हप्ता दरमहा जातो. जमत असेल तर सहामाही हप्त्यांबद्दल बँकेत विचारावे.

चौथे, गाडी कमावणार की नुसती फिरणार, हे स्पष्ट करावे. माल वाहणाऱ्या गाडीचा हिशेब धंद्याचा आहे. घरच्या गाडीचा खर्च हौसेच्या खात्यात लिहावा. हौसेला पैसे घालावेत, पण ते घालताना आपल्याला माहीत असावे.

पाचवे, वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटरच फिरणे असेल तर गरज पडेल तेव्हा भाड्याने गाडी घेणे स्वस्त पडते का, तेही तपासावे. गावात दोन-तीन गाड्या असतातच, आणि त्यांच्या मालकांनाही चार पैसे मिळतात.

पंपावरचा दर उतरला तर आनंद मानावा, टाकी भरावी आणि वाचलेले चारशे-पाचशे रुपये विहिरीच्या मोटारीला किंवा बियाण्याला राखून ठेवावेत. गाडीचा निर्णय मात्र वहीतले किलोमीटर, रानातले पाणी आणि वाईट वर्षातले उत्पन्न पाहूनच घ्यावा. हिशेब मांडताना अडचण आली तर आपल्या गावच्या कृषी सहायकाला किंवा बँकेच्या शाखेत विचारावे. सही करण्याआधी विचारलेले बरे.